दूध सोडलंय, पण सत्यनारायणाचा शिरा खाते. मग सगळं ढोंग का?

स्नेहलतागंजकर: बरेच दिवस झाले दूध-तूप सोडलंय. उपास-तापास नाही, एका गोठ्यात बघितलं की म्हशीला रेडा झाला तर त्याला पोटभर दूध कोणी पिऊ देत नाही, खुंटाला बांधलेला असतो नि वाळत जातो, तेव्हापासून चहापण काळाच. अडचण अशी की सासरी पूजा असली की शिरा मी घेते, तुपातलाच असतो, आजेसासूबाई पुढे करतात, त्यांना नाही म्हणवत नाही. की लगेच नणंदेचे मिस्टर सुरू, "आज चालतं वाटतं वहिनी? मग सराफ्यातल्या रबडीनं काय घोडं मारलं होतं?" (सराफा म्हणजे आमचा इंदोरचा रात्रीचा खाऊबाजार.) चामड्याची चप्पलपण शोधून काढली (जुनी आहे हो, तुटेपर्यंत वापरणार). म्हणे करायचं तर पूर्ण करा नाहीतर सोडा. काय सांगू त्यांना?

रामबागी_भिया: अरे सोड ना! आपल्या इंदोरात एक दिवस ओल्यात सुका कचरा गेला म्हणून डबेच फेकून देतात का? दुसऱ्या दिवशी परत वेगळा करून गाडीत टाकतात. आणि त्यांनी स्वतः काय सोडलंय ते विचार आधी.

अण्णा_लोकमान्यनगर: भियाचं पटलं, पण अर्धंच. गांधीजींनी १९१२ मध्ये दूध सोडलं, गाई-म्हशींवर फुंका करायचे (जास्त दूध निघावं म्हणून त्यांच्या अंगात हवा फुंकायची क्रूर रीत) त्याची चीड हे त्यातलं एक कारण. पुढे आजारात अगदी खंगले तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं की व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती ना, मग शेळीचं घ्या. घेतलं. पण मी पळवाट काढली हे त्यांना सलत राहिलं आणि तसं त्यांनी लिहूनही ठेवलं. तर शिरा खा खुशाल, पण "प्रसादाला सगळं माफ" असा नियम करू नकोस, आज प्रसाद, उद्या बारसं, परवा केक, हे लांबत जातं.

मालवी_मावशी: अण्णा, ते महात्मा होते हो, हिला रोज चार माणसांचा स्वयंपाक आहे. जैनांमध्ये बघा, साधूंना महाव्रतं आणि संसारी माणसाला अणुव्रतं, म्हणजे झेपेल तेवढंच, पण घेतलं की पाळायचं. तू आपली मर्यादा आधीच ठरवून टाक, ताटावर बसून नको. आणि जरा स्पष्ट बोलते, राग मानू नकोस, दूध सोडणारे पण कामवाली दोन दिवस आजारी पडली की पैसे कापणारे लोक मी पाहिलेत, मला तर ते जास्त खुपतं.

स्नेहलतागंजकर: नाही मावशी, ते नाही कापत 🙂 ठरवलं, आजेसासूबाईंच्या हातचा चमचाभर, बाकी कुठेच नाही. नणंदेच्या मिस्टरांना काय बोलायचं ते बोलू दे. पुढची पूजा आमच्याकडे आहे, तूप-दुधाशिवाय प्रसाद केलाय का कोणी?

मालवी_मावशी: नारळाचं दूध नि केळं घालून होतो, चव वेगळी येते पण वाईट नाही. मात्र रवा, साखर, तूप सगळं सव्वाच्या मापात लागतं, तुपाचं काय ते गुरुजींना आधी विचार, नाहीतर ऐन पूजेत वाद.