मदत हवी आहे: फ्रेंच क्रियापदांचे सिलेबल कसे तोडायचे?

शर्वरी_के: परवा टेस्ट आहे, प्लीज लवकर सांगा. 'पार्ले' (बोलणं) या क्रियापदाची रूपं तोडायची आहेत. 'नू पार्लों' (आम्ही बोलतो), 'वू पार्ले' (तुम्ही बोलता) जमलं. अनेकवचनी 'इल पार्ल'मध्ये (ते बोलतात) क्रियापदाचे दोन तुकडे केले, लिहिताना शेवटी ई-एन-टी (ent) आहे म्हणून, तर उत्तरात एकच! आणि 'आश्ते'च्या (विकत घेणं) 'झाशेत'मध्ये (मी विकत घेते) ई वर आक्सां ग्राव (è ही तिरकी खूण) येतो, 'नूझाश्तों'मध्ये (आम्ही विकत घेतो) गायब. का??

तिखटमीठ: कोणती लेव्हल? तोड लिखाणातली हवीय की उच्चारातली? उत्तर पुस्तकातलं की सरांचं?

रिकामटेकडा: जर्मन घ्यायचं होतंत. जे लिहिलंय ते वाचा, विषय संपला.

मिस्त्रीकाका: ओळीच्या शेवटी शब्द तोडला तर 'पार' आणि 'लेन्ट' असे दोन. बोलताना ई-एन-टी मुकं, म्हणून एकच. झ (मी), त्यु (तू), इल (तो) आणि अनेकवचनी इल (ते), चारही ठिकाणी कानाला नुसतं 'पार्ल'. आपण 'करतात' चार अक्षरं लिहितो आणि कर-तात म्हणतो, तसंच.

गारोनकाठ: सरसकट एकच नाही हो काका. मी दक्षिण फ्रान्समध्ये तूलूजला राहिलोय. दक्षिणेत शेवटचा ई ऐकू येतो, 'पार्-ल' दोन होतात. बारा सिलेबलच्या जुन्या वृत्तातही पुढे व्यंजन आलं की तो मोजतात, फक्त ओळीच्या शेवटी सोडतात.

मिस्त्रीकाका: तिची परवा टेस्ट आहे, कविसंमेलन नाही.

चहाबिस्कीट: फ्रेंच गाणी ऐका, आपोआप जमतं.

तिखटमीठ: आश्तेचं कुणीच सांगितलं नाही. पुढच्या सिलेबलमध्ये मुका ई असेल तर आधीचाही ई मुका ठेवता येत नाही, तो उघडा 'ए' होतो. म्हणून आक्सां. 'आश्तों'मध्ये पुढे ठणठणीत 'ओं' आहे, गरज नाही. 'आप्ले' (हाक मारणं) हेच काम एल डबल करून भागवतं.

शर्वरी_के: उच्चाराचीच तोड हवीय. 'फिनीर'लाही (संपवणं) हाच नियम?

मिस्त्रीकाका: ई-एन-टी मुकंच, पण त्याच्यामुळे एस ऐकू येतो. एकवचन फी-नी, अनेकवचन फी-नीस. दोन्हीकडे दोनच. 'एमे' (प्रेम करणं) मात्र जपून, 'इल' धरून म्हटलं तर: एकवचन ई-लेम, अनेकवचन ईल-झेम. व्यंजन उडी मारून पुढच्या शब्दात जातं.

शर्वरी_के: अरे देवा. मग 'झेम' लिहू की 'एम'?

तिखटमीठ: प्रश्नात क्रियापद एकटं दिलंय की सर्वनामासकट?

रिकामटेकडा: जर्मन.