पर्वताचा एकच दिवस: रिगी की युंगफ्राउयोख?

धागाकर्ता
स्वित्झर्लंडच्या सहलीत पर्वताचा दिवस म्हणजे युंगफ्राउयोख किंवा टिटलिस, हे आपल्याकडे जणू ठरूनच गेले आहे. मुक्काम लुत्सर्नला असेल आणि एकच दिवस हाताशी असेल, तर तो बोटीने सरोवराकाठचे फिट्स्नाऊ गाव आणि तिथून दातेरी रेल्वेने रिगी पर्वत असा घालवावा, असे माझे ठाम मत आहे.

लुत्सर्न स्थानकासमोरच्या धक्क्यावरून निघालेली बोट साधारण तासाभरात फिट्स्नाऊला पोचते. वेळापत्रक पाहून आगबोटीचीच फेरी धरावी. १९०१ ते १९२८ या काळातल्या अशा पाच आगबोटी या सरोवरावर आहेत, आणि मधल्या कठड्यावरून खाली वाकले की तेलाने चकाकणारे पोलादी दांडे संथपणे मागेपुढे होताना दिसतात. फिट्स्नाऊला धक्क्यापासून काही पावलांवर लाल गाडी उभी असते. निकलाउस रिग्गेनबाख यांची ही रेल्वे १८७१ साली सुरू झाली. युरोपातील ती पहिली पर्वतीय रेल्वे. दोन रुळांच्या मधोमध लोखंडी शिडी आडवी टाकावी तसा तिसरा रूळ असतो, त्याच्या पायऱ्यांत गाडीखालचे दातेरी चाक अडकते, आणि त्या आधारावर गाडी चार मीटरला एक मीटर इतका चढ चढते. आपली माथेरानची गाडी वळसे घेत डोंगर चढते. ही तो थेट अंगावर घेते.

प्रतिसाद १
मी सहमत नाही. आईवडिलांना घेऊन एवढ्या लांब जाणारा माणूस बहुधा एकदाच जातो, आणि त्यांना बर्फावर उभे राहायचे असते. रिगीची उंची जेमतेम १,८०० मीटर, म्हणजे जुलैत तिथे गवत आणि गाई. युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे, समोर आल्प्समधली सर्वांत लांब, आलेच नावाची हिमनदी पसरलेली असते. आयगर आणि म्योंख या शिखरांच्या पोटातून खोदलेला तिथला रेल्वेमार्गही १९१२ सालचा आहे, त्यामुळे रेल्वेच्या इतिहासाचा मान एकट्या रिगीला देऊ नये.

प्रतिसाद २
आईवडिलांचा विचार करूनच मी रिगीच्या बाजूने आहे. साडेतीन हजार मीटरवर हवा विरळ असते. माझ्या वडिलांना तिथे गरगरू लागले आणि आम्ही अर्ध्या तासात खाली उतरलो, वरचा बहुतेक मार्ग बोगद्यातून असल्यामुळे जातायेता फारसे काही दिसलेही नाही. पुढच्या खेपेला ऑक्टोबरात रिगीला गेलो. खाली सरोवर धुक्यात बुडाले होते. गाडी चढत गेली आणि एका क्षणी खिडकीत लख्ख ऊन आले. आई बाकावरून उठून काचेशी गेली आणि उतरेपर्यंत तिथेच उभी राहिली. शिवाय स्विस ट्रॅव्हल पासमध्ये बोट आणि रिगीची रेल्वे दोन्ही येतात. युंगफ्राउयोखच्या वरच्या टप्प्याचे तिकीट त्या पासवर केवळ सवलतीत मिळते.

प्रतिसाद १
वडिलांच्या प्रकृतीचा मुद्दा मान्य. मात्र ढग शिखरावरच बसले, तर रिगीवर पाहायला काय उरते? युंगफ्राउयोखला निदान बर्फात कोरलेला महाल तरी आहे.

धागाकर्ता
शिखर झाकलेलेच असेल, तर मधल्या काल्टबाड स्थानकावर उतरावे, तिथून रज्जुमार्गाने सरोवराकाठच्या वेगिसला यावे आणि परतीची बोट धरावी. सरोवर तर ढगांच्या खालीच असते.