केम्निट्झला मास्टर्ससाठी निघालोय, पहिल्या महिन्यात नेमकं काय करायचं?

वाळव्याचा_पोरगा

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातला. मेकॅनिकल झाल्यावर दीड वर्ष चाकणला नोकरी केली, आता जर्मनीत केम्निट्झच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत मास्टर्सला नंबर लागलाय. एपीएस (आपल्या पदवीच्या कागदांची पडताळणी) झालं, व्हिसा परवा हातात आला, ब्लॉक्ड अकाउंटला (वर्षभराच्या खर्चाचे पैसे, दर महिन्याला ठरावीकच सुटतात) 11,904 युरो भरले, त्यातले निम्मे कर्जाचे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दुबईमार्गे फ्लाइट आहे. घरातून परदेशात जाणारा मी पहिलाच, त्यामुळं विचारायला कुणी नाही.

होस्टेलचं वेटिंग आहे. दरम्यान ऑनलाइन एकानं फ्लॅट दाखवलाय, फोटो भारी आहेत, भाडं 280 युरो. म्हणतो मी सध्या लंडनला असतो, दोन महिन्यांचं डिपॉझिट पाठव, किल्ली कुरिअर करतो. घेऊ का? आमचा एजंट म्हणतो सरकारी इन्शुरन्स महाग पडतो, प्रायव्हेट काढ, महिन्याला तीस-पस्तीसमध्ये काम होतं. हे बरोबर आहे का? आणि गेल्या गेल्या पार्टटाइम काम मिळतं का? जानेवारीपासून कर्जाचं व्याज सुरू होतंय.

शेवटचं म्हणजे आईनं बॅगा भरायला घेतल्यात. कुकर, पाच किलो कांदा-लसूण मसाला, दोन किलो तूप, पेढे. 46 किलोत काय ठेवू आणि काय काढू?

ड्रेस्डेनचा_डबा

पहिल्या प्रश्नाचं आधी सांगतो, बाकीचे सांगतीलच. पैसे पाठवू नकोस. मालक परदेशात, किल्ली कुरिअरनं, भाडं बाजारापेक्षा कमी आणि फोटो मासिकातल्यासारखे, हे चारही एकत्र आले की तो फ्लॅट नसतोच. तू किंवा तुझ्या ओळखीचं कुणीतरी आत पाय ठेवून आल्याशिवाय एक सेंटही नाही.

लातूर_ते_केम्निट्झ

मी लातूरची. ऑक्टोबर 2021 मध्ये तुझ्याच युनिव्हर्सिटीत आले, आता इथंच नोकरी करते. तुझ्या क्रमानं उत्तरं देत नाही, कारण मी जिथं आपटले ते तू विचारलेलंच नाहीस. पत्रपेटी.

हसू नकोस. आपल्याकडं पोस्टमनला माणसं माहीत असतात. लातूरला आमच्या दारावर पाटीसुद्धा नव्हती, "टाकीच्या मागं, गुरुजींचं घर" एवढ्यावर मामाकडचं पाकीट बरोबर यायचं. इथं माझ्या इमारतीत खाली चोवीस पेट्या होत्या, आणि पत्त्यात फ्लॅटचा नंबर नाही, नुसता रस्ता आणि इमारतीचा क्रमांक. पोस्टमन पाकिटावरचं आडनाव बघतो, पेट्यांवरची आडनावं बघतो, जुळलं तर टाकतो, नाही तर पत्र आल्या वाटेनं परत. मी पेटीवर काय लावलं होतं? वहीचं लेबल, त्यावर स्केचपेननं नुसतं माझं नाव, शेजारी एक फूल. आडनाव नाही.

बँकेनं कार्ड एका पाकिटात पाठवलं आणि पिन चार दिवसांनी दुसऱ्या पाकिटात. दोन्ही परत. टॅक्स नंबरचं पत्र परत. इन्शुरन्सचं परत. ब्लॉक्ड अकाउंटमधून तेव्हा महिन्याला 861 युरो सुटायचे (आता 992), ते मोबाइलवर खात्यात दिसत होते आणि मला त्यातून एक ब्रेड घेता येत नव्हता. पाच आठवडे मी इंदूरच्या रूममेटच्या उधारीवर काढले, तिच्या वहीत माझं पान होतं, किराणा दुकानात असतं तसं. शेवटी इमारतीच्या केअरटेकरनं मला खाली नेलं, ते फूल दाखवलं आणि इतका वेळ हसला की मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी त्यानंच आडनावाची छापील पट्टी आणून लावली.

एवढं पाल्हाळ का, तर इथला पहिला महिना म्हणजे पत्रांची साखळी आहे आणि एक कडी सुटली की पुढचं सगळं अडतं. घर मिळालं की घरमालकाकडून एका फॉर्मवर सही घ्यायची की हा माझ्याकडं राहतो. वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नाव पाठ करू नकोस, मालकाला कागद दाखव, त्याला कळतं. तो फॉर्म आणि पासपोर्ट घेऊन नगरपालिकेत नोंदणी करायची, तिला आनमेल्डुंग म्हणतात. कायद्यानं राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत. अपॉइंटमेंट ऑनलाइन मिळते आणि ऑक्टोबरात सगळेच विद्यार्थी आलेले असतात, म्हणून पत्ता पक्का झाला की वाळव्यात बसूनच तारीख घेऊन टाक. ती नोंदणी झाली की टॅक्स नंबर आपोआप पोस्टानं येतो, आणि पुढं बँक, मोबाइल, राहण्याच्या परवान्याचं कार्ड, जो तो हाच नोंदणीचा कागद मागतो.

म्हणून राहायची जागा बघताना भाड्याच्या आधी एकच विचार: इथं नोंदणी करून देणार का? नाही म्हणाला तर ती जागा आठ दिवस टेकायला ठीक, त्यापुढं नाही. होस्टेलचं वेटिंग सोडू नकोस, दर आठवड्याला नम्रपणे मेल करत राहा. सेमिस्टर सुरू झाल्यावर बरेच जण येतच नाहीत आणि खोल्या सुटतात, माझी अशीच सुटली. केम्निट्झमध्ये म्युनिकसारखी मारामारी नाही, इथं भाडी खरंच कमी आहेत. फक्त जाहिरातीतलं भाडं कोल्ड आहे की वॉर्म ते बघ. कोल्ड म्हणजे नुसत्या भिंतींचं. वॉर्ममध्ये हीटिंग, पाणी, कचरा येतं, पण वीज बऱ्याचदा वेगळीच. डिपॉझिट तीन महिन्यांच्या कोल्ड भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, तसा नियम आहे.

इन्शुरन्स. तुझ्या एजंटला नमस्कार सांग. तीसच्या आतल्या विद्यार्थ्यानं सरकारी व्यवस्थेतलाच घ्यायचा. महाग वाटतो, महिन्याला शंभराच्या बराच वर जातो, पण एकदा तू त्यातून सूट घेऊन प्रायव्हेटला गेलास की शिक्षण संपेपर्यंत परत येता येत नाही. माझ्या बॅचच्या एकानं असे पैसे वाचवले. दुसऱ्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि कंपनीनं पॉलिसीतलं बारीक अक्षर दाखवलं. ट्रॅव्हल इन्शुरन्स फक्त विमानापासून ॲडमिशन पक्की होईपर्यंत.

अजून एक पत्र येईल, रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं, महिना 18.36 युरो. टीव्ही नाही म्हणून फाडू नकोस, ती घरामागं असते, टीव्हीमागं नाही. पण फ्लॅट तिघांत असेल तर एकानंच भरायची असते. आम्ही तिघी वर्षभर वेगवेगळ्या भरत होतो. त्या पैशात प्रागला जाऊन आलो असतो.

तिसरा_अटेम्प्ट

ताईंनी कागदांचं सांगितलं, मी अभ्यासाचं सांगतो, नावावरून कळलं असेलच. आपल्याकडं फॉर्म कॉलेज भरून घेतं, हॉल तिकीट येतं. इथं लेक्चरला नाव असणं वेगळं आणि परीक्षेला नाव नोंदवणं वेगळं. पोर्टलवर ठरावीक दिवसांची खिडकी असते, ती बंद झाली की प्रोफेसरही काही करू शकत नाही. मी पहिल्या सेमिस्टरला दोन विषयांची खिडकी चुकवली, नोटीस जर्मनमध्ये होती आणि मला वाटलं कसलं तरी कँटीनचं असेल.

बऱ्याच विषयांना सेमिस्टरभर काही नसतं, शेवटी एकच पेपर, त्यावरच सगळं. साधारण तीन अटेम्प्ट मिळतात, तिसऱ्यात गेलं की नाव कापतात आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडंही घेता येत नाही. जुने पेपर फाखशाफ्टकडं मिळतात, म्हणजे त्या डिपार्टमेंटची विद्यार्थी समिती, त्यांचं ऑफिस पहिल्या आठवड्यातच शोधून ठेव. मार्क उलटे आहेत, 1.0 सर्वांत चांगला आणि आकडा 4.0 च्या पुढं गेला की नापास. पहिला 1.7 आला तेव्हा माझ्या आईनं फोनवर विचारलं, "कितीपैकी रे?"

कामाबद्दल. गेल्या गेल्या मिळेल हे धरून येऊ नकोस. टॅक्स नंबर आणि खातं होईपर्यंतच नोव्हेंबर उजाडतो. वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस एवढी मुभा आहे, किमान दर तासाला 2025 मध्ये 12.82 युरो होता, 2026 पासून 13.90. पण केम्निट्झ काही बर्लिन नाही, इंग्रजीवर चालणारी कामं थोडी आणि मागं लागलेली पोरं जास्त. मी गोदामात रात्रपाळी केली आणि सकाळी आठच्या लेक्चरला झोपलो, त्याचं फळ माझ्या नावात आहे. व्याजाचे पहिले सहा महिने घरून सुटतील असं बघ.

लातूर_ते_केम्निट्झ

याच्याशी मी अर्धीच सहमत. रात्रपाळी नको हे खरं. पण युनिव्हर्सिटीतच असिस्टंटची कामं असतात, लॅबमध्ये, डेटा भरायला. तू दीड वर्ष चाकणला काढलंयस, कॅड (कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग) येत असेल, तर पहिल्याच महिन्यात तुझ्या विषयाच्या दोन-तीन इन्स्टिट्यूटना मेल टाक. ओळख नाही म्हणून लाजू नकोस. मला चौथ्या मेलला उत्तर आलं. जर्मन मात्र आत्तापासून लाव, बी-वन (मधली पातळी) झालं की शहर वेगळंच दिसतं.

स्टुटगार्टची_काकू

मी 1998 पासून इथं, माझ्या हातून बरीच पोरं गेली. तुझ्या आईशी माझं बोलणं झाल्यासारखं समज आणि हे त्यांना वाचून दाखव.

ताई, तूप आणि पेढे काढा. युरोपच्या बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे, कस्टमनं बॅग उघडली तर डबा कचऱ्यात जातो आणि दंडही होऊ शकतो. तुपाची काळजी नको, इथं कुठल्याही दुकानात बुटरश्माल्झ म्हणून मिळतं, अगदी आपलंच तूप. क्वार्क नावाचा चक्क्यासारखा प्रकार मिळतो, रात्रभर फडक्यात टांगला की श्रीखंड होतं. पाडव्याला मी तसंच करते, वेलदोडा तेवढा घरचा.

मसाला पाच नको, एक किलो पुरे. आणि त्यात खसखस आहे का? आमिरातीत खसखशीला बंदी आहे आणि पोरगा दुबईमार्गे येतोय. खसखस न घालता नवा कुटा. एवढ्याशा खसखशीपायी विमानतळावर ताटकळत बसायला नको.

कुकर द्या, पण बूड सपाट हवं, इथं बहुतेक घरांत गॅस नसतो. सपाट काचेची शेगडी किंवा इंडक्शन. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही, म्हणून स्टीलचाच, तीन लिटरचा. जास्तीची शिटी आणि रिंग बरोबर द्या, ती इथं चटकन मिळत नाही. पोरा, फोडणी देताना खिडकी उघडी आणि खोलीचं दार बंद. धुराचा भोंगा वाजला तर अख्खी इमारत खाली येते, आणि मिरचीचा ठसका तुझ्या जर्मन शेजाऱ्याला समजावून सांगता येत नाही. थंडीतही दिवसातून दोनदा दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि जाताना डिपॉझिटमधून कापतात.

चष्मा असेल तर दुसरा करून आण. रोजची गोळी असेल तर डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत. स्वेटर आण, पण जाड जॅकेट इथंच घे.

वाळव्याचा_पोरगा

सगळ्यांचे मनापासून आभार. लंडनवाल्याला फ्लॅटचा व्हिडिओ कॉल कर म्हणालो तर त्यानं ब्लॉकच केलं. एजंटला इन्शुरन्स सरकारीच पाहिजे सांगितलं, तो नाराज झाला. आईनं काकूंचं दोनदा वाचायला लावलं. पेढे निघाले, तूप निघालं, मसाला दीड किलोवर अडलाय. खसखशीचं ऐकून आजी म्हणाली, मग तो मसाला कसला.

ताई, एकच राहिलं. करमतं का तिथं?

लातूर_ते_केम्निट्झ

ऑक्टोबरात करमतं, सगळं नवं असतं. संध्याकाळी कार्ल मार्क्सच्या त्या अवाढव्य डोक्यापाशी पोरं जमतात, सात मीटर उंच नुसतं डोकं, तिथं फोटो काढून घरी पाठवशील. महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागं जातं, तिथून जड जातं. भारताशी साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो, लेक्चर संपवून तू मोकळा होतोस तोवर घरी निजानीज. डिसेंबरात चारलाच अंधार. त्यात रविवारी दुकानं बंद, शनिवारी दूध आणायचं विसरलास की सोमवारपर्यंत कोरा चहा. मी पहिल्या नोव्हेंबरात तीन रविवार खोलीबाहेर पडलेच नाही. तसं करू नकोस, काही काम नसलं तरी ट्रामनं एक चक्कर मारून ये.

मग नाताळच्या आधी चार आठवडे इथं खिडक्याखिडक्यांत लाकडी कमानी लावतात, त्यावर सात-आठ दिवे. शेजारच्या एर्झगेबिर्गे डोंगरातली पद्धत आहे ही. त्या वर्षी आमची दिवाळी त्या उधारीच्या दिवसांत कोरडीच गेली होती. एका संध्याकाळी लायब्ररीतून येताना अख्खी गल्ली अशी उजळलेली दिसली आणि मी आकाशकंदील बघावेत तशी मान वर करून चालत राहिले, बर्फावरून घसरून पडले. बूट चांगल्या तळव्याचे घे.

वाळव्याचा_पोरगा

घेतो. आणि पेटीवर पूर्ण नाव लिहू का, वडिलांच्या नावासकट?

लातूर_ते_केम्निट्झ

नको, मावणार नाही. आडनाव, पासपोर्टवर जे स्पेलिंग आहे तेच. दाराच्या बेलवरही तेच लाव, पार्सलवाला बेल बघतो. फूल काढू नकोस.