डॅनियल वेबस्टर: ७ मार्च १८५० चं भाषण हे धैर्य की सौदा?

कोर्टपक्षी: अमेरिकेचा वकील आणि सिनेटर वेबस्टर याचं नाव निघालं की लोक थेट गुलामगिरीवरच्या तडजोडीला पाठिंबा देणाऱ्या ७ मार्चच्या भाषणावर येतात आणि माणूस निकालात काढतात. आधीची तीस वर्षं कुठे गेली? न्यू हॅम्पशायरच्या शेतकऱ्याचा मुलगा. ज्या डार्टमथ कॉलेजात शिकला, त्याची सनद राज्य सरकारने परस्पर बदलली तेव्हा कॉलेजतर्फे सुप्रीम कोर्टात तोच उभा राहिला, आणि १८१९ मध्ये निकाल बाजूने लागला. केंद्र सरकारचे अधिकार ठरवणाऱ्या मॅकलॉक आणि गिबन्स या खटल्यांतही तो होता. १८३० मध्ये सिनेटमध्ये, राज्यांना केंद्राचा कायदा धुडकावता येतो म्हणणाऱ्या हेनला दिलेलं त्याचं उत्तर शाळेतली पोरं पाठ करायची. १८५० मध्ये गुलामगिरीवरून दक्षिणेतली राज्यं फुटायच्या बेतात असताना त्याने सिनेटर क्लेच्या तडजोडीला पाठिंबा दिला, पळालेले गुलाम परत करण्याच्या कायद्यासकट. मॅसॅच्युसेट्सचा सिनेटर असून! मतदार खवळणार हे काय त्याला कळत नव्हतं?

शंकासुर: तो कायदा वाचलाय का तुम्ही? पकडलेल्या माणसाला ज्युरी नाही, स्वतःच्या बाजूने साक्ष द्यायची मुभा नाही. निकाल देणाऱ्या कमिशनरने त्याला गुलाम ठरवून परत पाठवलं तर फी १० डॉलर, सोडलं तर ५. ज्याने जन्मभर सनदा आणि करार यांचं पावित्र्य सांगितलं त्याला हे खटकलं नाही? गुलामगिरीविरोधी कवी व्हिटिअरने त्याच्यावर कविता लिहिली ती उगाच नाही.

मधलं बाकडं: मला तर हा गडी आधीपासूनच संशयास्पद वाटतो. १८३३ मध्ये बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सवरून अध्यक्ष जॅक्सनशी रण पेटलेलं असताना या सिनेटरने बँकेचा प्रमुख बिडल याला पत्र लिहिलं: माझी वकिलीची फी नेहमीप्रमाणे आली नाही, संबंध ठेवायचा असेल तर पाठवा. आता बोला.

कोर्टपक्षी: पैशाच्या बाबतीत तो बेफिकीर होता, मान्य. कर्जातच मेला. पण १८४७ मध्ये पॉल जेनिंग्सला, म्हणजे अध्यक्ष मॅडिसनच्या जुन्या गुलामाला, १२० डॉलर भरून सोडवणाराही हाच. दरमहा ८ डॉलर कामातून फेडायचे, एवढीच अट. आणि उत्तर-दक्षिण यादवी युद्ध १८६१ ऐवजी १८५० मध्येच पेटलं असतं तर? मधल्या दहा वर्षांत उत्तरेची लोकसंख्या, रेल्वे, कारखाने किती वाढले ते बघा.

शंकासुर: हा हिशेब आपण मागाहून मांडतोय. वेबस्टर उत्तरेला युद्धासाठी वेळ मिळवून देत नव्हता, त्याला युद्ध टाळायचं होतं. बरं, भाषण नाइलाज होता असं धरू. पण पुढे अध्यक्ष फिलमोरचा परराष्ट्रमंत्री झाल्यावर? फेब्रुवारी १८५१ मध्ये बोस्टनच्या कृष्णवर्णीयांनी पळून आलेला गुलाम शॅड्रॅक मिंकिन्स याला भर कोर्टातून पळवून कॅनडाला पोचवलं, तर याने तो देशद्रोह ठरवला. खटले भरायला लावले. एकालाही शिक्षा झाली नाही, ते सोडा. एप्रिलमध्ये असाच पळून आलेल्या थॉमस सिम्सला बंदोबस्तात दक्षिणेतल्या जॉर्जियाला परत पाठवलं. हा नाइलाज नव्हे, ही हौस आहे.

कोर्टपक्षी: मंत्र्याने कायदा राबवायचा नाही तर काय करायचं? आवडेल तेवढाच कायदा पाळणारा वकील तुम्हाला चालत असेल.

शंकासुर: चालतो की. वेबस्टरनंतर चारच दिवसांनी, ११ मार्चला, त्याच सिनेटमध्ये न्यूयॉर्कच्या सुअर्डने सांगितलं की राज्यघटनेच्या वरही एक कायदा आहे. तोही वकीलच होता.

कोर्टपक्षी: आणि १८६१ उजाडता उजाडता, लिंकनचा मंत्री व्हायच्या तोंडावर, राज्यांतल्या गुलामगिरीला केंद्राने कधीच हात लावू नये अशी घटनादुरुस्ती पुढे रेटणाऱ्यांत तोच सुअर्ड होता. त्याला काय म्हणणार?