क्रूझ जहाजावर धूम्रपानाला संपूर्ण बंदी असावी का?

प्रश्न : लाखनीचे गुरुजी (जिल्हा भंडारा)

आमच्या तालुक्यातील निवृत्त शिक्षकांचा १४ जणांचा गट येत्या डिसेंबरात, धानाची मळणी आटोपली की, मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझ जहाजाने प्रवास करण्याच्या विचारात आहे. आमच्यापैकी निम्म्यांनी समुद्र पाहिलेला नाही. वैनगंगेचा पूर आणि गोसीखुर्दचे धरण हेच आमच्या पाहण्यातले मोठे पाणी. त्यामुळे उत्साह खूप आहे, पण एका मुद्द्यावर बैठकीत मतभेद झाले आणि तो मुद्दा मला येथे मांडावासा वाटतो.

माझ्या पत्नीला १८ वर्षांपासून दमा आहे. मळणीच्या दिवसांत तणसाची धूळ उडू लागली की ती मागच्या खोलीत दार लावून बसते, आणि शेजारी कोणी बिडी पेटवली तर उठून दुसरीकडे जाते. आरक्षण करून देणाऱ्या गृहस्थांनी सांगितले की जहाजावरील खोल्यांत आणि बाल्कनीत धूम्रपान चालत नाही, मात्र डेकचा एक भाग आणि कॅसिनो येथे त्याला परवानगी आहे. गटातील दोन सहकारी सिगारेट ओढतात. त्यांचे म्हणणे असे की एवढे मोठे जहाज, चहूकडे मोकळा वारा, त्यात एका कोपऱ्यातील धुराने कोणाचे काय बिघडणार? त्यावर पत्नीने विचारले, “आगगाडीत चालत नाही, विमानात चालत नाही, मग जहाजावरच का चालावे? तिथून तर उतरून जाताही येत नाही.” यावर मला उत्तर सुचले नाही.

तेव्हा माझा प्रश्न असा आहे की उघड्या डेकसकट संपूर्ण जहाज धूम्रपानमुक्त असावे, ही मागणी रास्त आहे काय? जहाजावर काम केलेल्यांनी, कायदा जाणणाऱ्यांनी आणि स्वतः धूम्रपान करणाऱ्यांनीही मोकळेपणाने लिहावे.

उत्तर : आर्वीकर (जिल्हा वर्धा)

गुरुजी, नमस्कार. मी एका परदेशी कंपनीच्या क्रूझ जहाजांवर ७ वर्षे प्रवाशांच्या खोल्यांची साफसफाई आणि देखभाल करण्याचे काम केले आहे. काकूंचा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि तो याआधी एका मोठ्या कंपनीने प्रत्यक्ष करून पाहिलेला आहे. कार्निव्हल कंपनीचे ‘पॅरडाईज’ हे जहाज १९९८ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून ते पूर्णपणे धूम्रपानमुक्त होते. उघड्या डेकवरही बंदी होती, आणि कर्मचाऱ्यांनाही तोच नियम लागू होता. कोणी सिगारेट ओढताना सापडले तर २५० डॉलर दंड वसूल करून त्या प्रवाशाला पुढच्या बंदरावर उतरवून देत. हा नियम २००४ मध्ये मागे घेण्यात आला. धूम्रपान न करणारे प्रवासी मद्य आणि जुगार यांवर कमी खर्च करतात, त्यामुळे उत्पन्न कमी पडते, असे कारण त्या वेळी सांगितले गेले. बंदी पाळून घेणे अशक्य होते म्हणून नव्हे, तर हिशेब जुळेना म्हणून ती गेली, हे आपल्या चर्चेत लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरी बाजू आगीची आहे, आणि ती मला धुराच्या त्रासापेक्षाही मोठी वाटते. २३ मार्च २००६ रोजी पहाटे तीनच्या सुमारास, जमैकाकडे निघालेल्या ‘स्टार प्रिन्सेस’ या जहाजाच्या एका बाल्कनीत आग लागली. कोणीतरी टाकलेले जळते थोटूक हेच बहुधा तिचे कारण असावे, असे चौकशीत आढळले. बाल्कन्यांमधल्या आडभिंती प्लॅस्टिकच्या होत्या, खुर्च्या प्लॅस्टिकच्या होत्या, आणि बाल्कनीत आग ओळखणारी वा विझवणारी यंत्रणा नव्हती; आग पाहता पाहता वरच्या मजल्यांवर गेली आणि एका प्रवाशाचा धुराने मृत्यू झाला. त्यानंतर बाल्कनीतील सामान व यंत्रणा यांविषयी आंतरराष्ट्रीय नियम बदलले गेले आणि ते २००८ पासून लागू झाले. पुढे एकेका कंपनीने खोल्या आणि बाल्कन्या धूम्रपानासाठी बंद केल्या. गावात तणसाच्या ढिगाला आग लागली तर चार गावचे लोक धावून येतात आणि अग्निशमनाची गाडीही येते. समुद्रात अशा वेळी कोणी येत नाही. जो मुलगा दुपारी चादरी बदलतो तोच रात्री आग विझवणाऱ्या तुकडीत उभा असतो, आणि मीही तसा उभा राहिलेलो आहे.

एवढे असूनही उघड्या डेकवरची बंदी मला मान्य नाही, आणि त्याचे कारण माझ्या कामातच आहे. खोलीत बंदी होती, तरी काही प्रवासी लपून ओढत. दाराच्या फटीला ओला टॉवेल लावलेला आणि धूर ओळखणाऱ्या यंत्रावर आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी चढवलेली मी अनेकदा काढली आहे. एकदा तर कागदी रुमालांनी भरलेल्या कचरापेटीच्या तळाशी अर्धवट विझलेले थोटूक सापडले होते. विमानात धूम्रपानाला इतकी वर्षे बंदी असूनही शौचालयाच्या दाराजवळ राखपात्र ठेवावेच लागते, ते याच भीतीने. ११ जुलै १९७३ रोजी पॅरिसच्या ओर्ली विमानतळाजवळ वॅरिग कंपनीच्या विमानात शौचालयातून आग पसरून १२३ माणसे गेली, आणि कचरापेटीत पडलेली सिगारेट हे तिचे संभाव्य कारण मानले गेले. म्हणून माझे मत असे की जहाजाच्या आत, कॅसिनो धरून, कुठेही धूम्रपान नसावे. पण मागच्या उघड्या डेकवर एकच जागा, धातूची राखपात्रे आणि देखरेख ठेवून, राखलेली असावी.

उत्तर : पुसदचे वकील (जिल्हा यवतमाळ)

कायद्याच्या बाजूने थोडक्यात लिहितो. सर्वोच्च न्यायालयाने मुरली देवरा यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला देशभर मनाई केली. त्यानंतर सिगारेट व अन्य तंबाखूजन्य उत्पादनांविषयीचा २००३ चा अधिनियम आला आणि त्याखालील नवे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. या अधिनियमात सार्वजनिक ठिकाणांच्या व्याख्येत सार्वजनिक वाहनेही येतात, आणि उल्लंघनासाठी २०० रुपयांपर्यंत दंड आहे. धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवण्याची सवलत नियमांनी ३० किंवा अधिक खोल्यांची हॉटेले, ३० किंवा अधिक आसनांची उपाहारगृहे आणि विमानतळ यांना दिलेली आहे. त्या यादीत जहाजाचे नाव नाही. क्रूझ जहाज म्हणजे तरंगते हॉटेल समजायचे की वाहन समजायचे, यावर वाद घालता येईल, पण शेकडो माणसांना एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेते ते वाहनच, असे माझे मत आहे.

अडचण परदेशी जहाजांची आहे. खुल्या समुद्रात जहाजावर त्याच्या ध्वजाच्या देशाचा कायदा चालतो, आणि बहुतेक मोठी क्रूझ जहाजे बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशा ठिकाणी नोंदवलेली असतात. तेव्हा एका देशाने बंदी घालून भागणार नाही. विमानांच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९९२ मध्ये ठराव करून १ जुलै १९९६ पर्यंत आंतरराष्ट्रीय उड्डाणे धूम्रपानमुक्त करण्याचे आवाहन केले, तसे पाऊल जहाजांसाठीही उचलले जावे.

वहिनींच्या आगगाडीच्या दाखल्याला एक जोड देतो, कारण तो येथे उपयोगी आहे. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १६७ नुसार डब्यातील दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली की धूम्रपान करता येत नाही, आणि रेल्वे प्रशासनाला ते सरसकट मना करण्याचाही अधिकार आहे. म्हणजे ज्याला त्रास होतो त्याची हरकत कायद्याने आधीच वरचढ मानलेली आहे.

उत्तर : तिरोड्याचा धानकरी (जिल्हा गोंदिया)

गुरुजींनी धूम्रपान करणाऱ्यांनाही लिहायला सांगितले, म्हणून लिहितो. मी ३५ वर्षांपासून बिडी ओढतो. उन्हाळ्यात आमचे घर तेंदूपत्ता तोडायला जंगलात जाते, ७० पानांचे पुडे बांधून फडीवर, म्हणजे पाने जमा करण्याच्या जागी, नेते आणि त्या पैशांतून खरिपाचे बियाणे घेते. पण तेंदूपत्त्यावर पोट आहे म्हणून जहाजावर धूर चालू द्या, असे मी म्हणणार नाही. माझ्या पोटाचा प्रश्न दुसऱ्याच्या छातीवर टाकणे मला योग्य वाटत नाही.

माझे सांगणे एवढेच आहे की आगगाडी आणि विमान यांच्याशी जहाजाची तुलना पूर्ण जुळत नाही. गोंदियाहून मुंबईपर्यंतचा प्रवास मी बिडीवाचून केलेला आहे. जीव कासावीस झाला, पण रात्र झोपेत गेली आणि सकाळी मुंबई आली. जहाजावर तीन-तीन, चार-चार दिवस काढायचे असतात. ज्याला सवय जडलेली आहे तो इतके दिवस राहू शकत नाही, आणि मग आर्वीच्या भाऊंनी सांगितले तसा तो खोलीत लपून ओढतो. मला लपायचे नाही. वयाच्या साठीत मुलांच्या वयाच्या कर्मचाऱ्याने मला चोरासारखे पकडावे, हे मला सहन होणार नाही. जहाजाच्या मागच्या टोकाला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, चार माणसे उभी राहतील एवढी जागा द्या; पावसात भिजावे लागले तरी चालेल. मात्र बंद हॉलमध्ये, जिथे दुसरे लोक बसलेले आहेत, तिथे मलाही ओढावेसे वाटत नाही, आणि कॅसिनोत ती मुभा का ठेवतात हे मला समजत नाही.

उत्तर : चिमूरचे डॉक्टर (जिल्हा चंद्रपूर)

तिरोड्याच्या भाऊंनी फार प्रामाणिकपणे लिहिले आहे. कॅसिनोबद्दलच्या त्यांच्या शंकेवरच मला अधिक बोलायचे आहे, कारण या प्रश्नाचे मर्म मला तिथे दिसते.

अमेरिकेच्या सर्जन जनरल यांच्या २००६ च्या अहवालाने स्पष्ट म्हटले आहे की दुसऱ्याच्या धुराची निर्धोक अशी कोणतीही पातळी नाही, आणि हवा खेळती ठेवून किंवा गाळून बंद जागेतील हा धोका नाहीसा होत नाही. वातानुकूलन यंत्रणा वास कमी करते, त्यामुळे हवा स्वच्छ असल्याचा भास होतो. पण धुरातील अतिसूक्ष्म कण हवेत राहतात, काही गालिचे, पडदे आणि कपडे यांवर बसतात, आणि दार उघडले की शेजारच्या मार्गिकेत जातात. दमा असलेल्या व्यक्तीला श्वासनलिका आवळून येण्यासाठी एवढे पुरते. गुरुजी, जहाज कितीही मोठे असो, काकू मात्र त्याच मार्गिकेतून जेवायला जाणार आहेत.

पण काकू चार दिवसांनी उतरून घरी येतील. कॅसिनोत पत्ते वाटणारी मुलगी, पेले उचलणारा मुलगा, रात्री गालिचा झाडणारा कामगार हे कित्येक महिन्यांच्या करारावर तिथेच राहतात आणि रोज त्याच धुरात उभे असतात. प्रवाशाला जहाज निवडता येते, बसण्याची जागा निवडता येते. त्यांना यातले काहीच निवडता येत नाही. आपल्या भागातील मुलेही आता हॉटेल व्यवस्थापन शिकून या नोकऱ्यांकडे वळत आहेत, म्हणून हा विचार आपण अधिक आस्थेने करायला हवा. आजवर हा वाद प्रवाशाविरुद्ध प्रवासी असाच मांडला गेला आणि म्हणून तो सोयीचा वाद ठरला. तो कामाच्या जागेच्या आरोग्याचा प्रश्न म्हणून मांडला, तर बंद जागेतील धूम्रपानाच्या बाजूने एकही टिकणारे कारण उरत नाही. भारताने ५ फेब्रुवारी २००४ रोजी मान्य केलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण कराराच्या आठव्या कलमातही बंदिस्त कामाच्या जागा आणि सार्वजनिक वाहतूक यांचा एकत्र उल्लेख आहे.

उघड्या डेकवरील जागेला माझा विरोध नाही, परंतु ती कुठे आहे यावर सारे अवलंबून आहे. जहाज पुढे जात असताना वारा साधारणपणे पुढून मागे वाहतो. जागा अगदी मागे असेल तर धूर पाण्यावर निघून जाईल, आणि मध्यभागी, दाराशेजारी असेल तर तो आत खेचला जाईल. भाऊ, आपल्यासाठी एक सूचना करतो. निकोटिनची चघळण्याची गोळी औषधाच्या दुकानात मिळते. प्रवासाच्या दोन आठवडे आधी डॉक्टरांना भेटून ती सुरू केली, तर सुरुवातीचे दोन-तीन दिवस, जे सर्वांत कठीण असतात, ते घरीच निघून जातील. आणि बिडीऐवजी खर्रा (सुपारी आणि तंबाखू यांचे मिश्रण) सोबत नेण्याचा विचार कोणी करत असेल तर तो कृपया करू नये. आमच्या जिल्ह्यात खर्ऱ्याने तोंड उघडता न येणारी तरुण मुले मी दर आठवड्याला तपासतो.

उत्तर : आर्वीकर (जिल्हा वर्धा)

डॉक्टरसाहेबांचे म्हणणे मला पूर्ण पटते, आणि ते मी स्वतः आधी लिहायला हवे होते. माझ्या खोलीतला सोबती कॅसिनोच्या बारवर काम करायचा. आम्हा दोघांची खोली जहाजाच्या अगदी खालच्या मजल्यावर, खिडकी नसलेली. तो पहाटे परत आला की त्याच्या गणवेशाचा वास संपूर्ण खोलीत भरून राहत असे. त्याने आयुष्यात कधी सिगारेट ओढली नव्हती. जागा बदलून देण्याची विनंती त्याने दोनदा केली, पण बक्षिशी तिथेच जास्त मिळते म्हणून तिसऱ्यांदा केली नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : लाखनीचे गुरुजी (जिल्हा भंडारा)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री सारी उत्तरे मी पत्नीला वाचून दाखवली आणि आज सकाळी गटाच्या बैठकीतही वाचली. मी प्रश्न विचारला तेव्हा माझ्या मनात केवळ पत्नीची खोली आणि तिचा श्वास होता. आर्वीकरांच्या सोबत्याचा विचार माझ्या मनात आला नव्हता, याची मला खंत वाटते. उघड्या डेकसकट बंदीचा आग्रह मी सोडला आहे, मात्र जहाजाच्या आत एकाही ठिकाणी, कॅसिनोतही, धूम्रपान नसावे, यावर मी आता पूर्वीपेक्षा अधिक ठाम आहे. तसे पत्र आम्ही १४ जणांच्या सह्यांनी जहाज कंपनीला पाठवत आहोत, आणि त्यावर आमच्या दोन्ही धूम्रपान करणाऱ्या सहकाऱ्यांनी सर्वांत आधी सही केली. त्यांपैकी एकाने डॉक्टरांनी सुचवलेल्या गोळीची साकोलीच्या औषध दुकानात चौकशीही केली आहे.

पत्नी म्हणाली, तिरोड्याच्या भाऊंना आवर्जून कळवा की त्यांना हवी असलेली मागच्या टोकाची जागा तिलाही मान्य आहे. ती जागा आमच्या जहाजावर नेमकी कुठे आहे आणि आत येण्याच्या दारापासून किती अंतरावर आहे, हे आरक्षण करणाऱ्या गृहस्थांना अजून सांगता आलेले नाही. ते लेखी कळल्याशिवाय आम्ही आगाऊ रक्कम भरणार नाही, असे बैठकीत ठरले आहे.