जुन्या प्रणालीवर वापरकर्ता-संशोधन कशासाठी?

निरीक्षक (धागाकर्ती): ‘जुनाट संगणक-प्रणालींवर यूएक्स संशोधन (वापरणाऱ्यांचा अनुभव अभ्यासणे) करणे हा पैशाचा अपव्यय आहे, आधी सगळे नव्याने लिहा, मग वापरणाऱ्यांना विचारा,’ असे मत काल इथे मांडले गेले. अशाच उत्पादनांवरील संशोधनाचे नेतृत्व मी करते आणि मला हे मत धोकादायक वाटते. रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या कर्जाचे सिटीबँकेतील प्रकरण आठवा. ११ ऑगस्ट २०२० रोजी सुमारे ७८ लाख डॉलर व्याज पाठवायचे असताना मुद्दलाचेही जवळपास ८९ कोटी डॉलर धनकोंकडे गेले. मुद्दल बँकेतच थांबवण्यासाठी फ्लेक्सक्यूब या बँकेच्या कर्जव्यवहार-प्रणालीत ‘प्रिन्सिपल’, ‘फ्रंट’ आणि ‘फंड’ या तिन्ही ठिकाणी अंतर्गत खाते निवडणे आवश्यक होते. निवडले गेले एकाच ठिकाणी, आणि नोंद करणाऱ्यासह तिघांनाही ते योग्यच वाटले. पैसे बँकेबाहेर जातील असा इशारा पडद्यावर आला, पण किती जातील हे त्यात नव्हते. तेथे रक्कम दाखवण्यासाठी संपूर्ण प्रणाली नव्याने लिहायला हवी होती का?

कळफलक: उदाहरणाचा सोयीचा अर्धा भाग तुम्ही सांगितलात. काही धनकोंचा हिशेब मिटवण्यासाठी संपूर्ण कर्ज फेडल्यासारखी नोंद करावी लागत होती, हा गाभ्याचा दोष आहे आणि तो मुलाखती घेऊन जात नाही. मी एका विमा कंपनीत कोबोल या जुन्या संगणकभाषेतली प्रणाली सांभाळतो. संशोधकांनी ‘ग्राहकाला शिल्लक तत्काळ दिसावी’ अशी शिफारस केली. तो आकडा रात्रीच्या बॅचमध्येच (दिवसभराच्या नोंदींवर एकत्रित प्रक्रिया होते तेव्हाच) तयार होतो, हे विचारायला त्यांच्यापैकी एकही जण आमच्या मजल्यावर आला नाही. अहवालाचे कौतुक झाले आणि ‘तंत्रज्ञ सहकार्य करत नाहीत’ हा ठपका आमच्यावर आला.

माजी शाखाधिकारी: दोघांनीही काउंटरवरच्या माणसाला वगळले आहे. आमच्या बँकेत काळ्या पडद्याची प्रणाली होती, तेव्हा आमचे रोखपाल मान वर न करता फंक्शन कळांवर व्यवहार पुरा करत. नंतर ब्राउझरमधला देखणा पडदा आला, प्रत्येक रकान्यासाठी माउस हाती घ्यावा लागू लागला, आणि पेन्शनच्या दिवशी रांग दारापर्यंत गेली. ‘जुनाट’ ठरवणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात तिथे उभे राहायला हवे होते.

नवी_पालवी: काका, तो वेग अनुभवी रोखपालांचा होता. मी नव्याने रुजू झाले तेव्हा व्यवहारांचे संकेतांक पाठ होईपर्यंत प्रत्येक नोंदीसाठी शेजारच्यांना विचारावे लागे आणि ग्राहकांसमोर बोलणी खावी लागत. आमचे हाल तुमच्या हिशेबात येतच नाहीत.

माजी शाखाधिकारी: पाठांतर आम्हीही केले. शिकण्याचे कष्ट नकोत म्हणून तीस वर्षे काम करणाऱ्यांचे हात बांधायचे, हा न्याय मला मान्य नाही.

नवी_पालवी: कष्टांना मी भीत नाही, आणि असे बोलणे आपल्याला शोभत नाही. चूक झाली की दोष पडद्याचा नसतो, कळ दाबणाऱ्याचा असतो, हे मी सोसले आहे. रेव्हलॉन प्रकरणातही नोंद करणारे आणि पहिली तपासणी करणारे भारतातले कंत्राटी कर्मचारी होते.

निरीक्षक: नव्या कर्मचाऱ्याची भीती आणि जुन्याचा वेग, दोन्ही प्रत्यक्ष काम पाहूनच कळतात. एका वित्तसंस्थेत आम्हाला प्रत्येक मेजावर हाताने लिहिलेली टाचणवही सापडली: कोणत्या रकान्यात शून्य भरायचे, कोणता इशारा सोडून द्यायचा. प्रणालीचे खरे नियम त्या वहीत होते, मूळ दस्तऐवजात नव्हते. त्या वह्या न वाचता नवी प्रणाली लिहिली, तर त्याच अडचणी नव्या पडद्यावर येतील. कळफलक, तुमच्या मजल्यावर न येता शिफारस करणाऱ्यांचा बचाव मी करणार नाही. बॅच कधी चालते हे ठाऊक नसलेल्याने अशा संशोधनाचे नेतृत्व करू नये.

कळफलक: टाचणवहीचा मुद्दा मी नाइलाजाने मान्य करतो, कारण आमच्याकडेही तशा वह्या आहेत आणि त्यांतले निम्मे नियम आम्हालाही ठाऊक नाहीत. मात्र ‘गाभ्याला हात न लावता होईल’ हे आश्वासन संशोधकांनी व्यवस्थापनाला परस्पर देऊ नये. इशाऱ्यात एक आकडा वाढवायचा असला तरी तो कोणत्या फाइलमधून येतो, हे आधी आम्हाला विचारा.

माजी शाखाधिकारी: आणि तो आकडा पडद्यावर कुठे दिसावा, हे रोखपालाला विचारा.