शब्दचर्चा : निलंबन की बंदी, धडक की टक्कर?

मेलबर्नवासी
नमस्कार मंडळी. इथल्या मराठी मंडळींच्या अंकासाठी ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या शिक्षांवर लेख लिहिते आहे. पहिल्याच वाक्यात अडले. ‘खेळाडूला चार सामन्यांसाठी निलंबित केले’ असे लिहून साताऱ्याहून आलेल्या बाबांना वाचायला दिले. बाबा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेत. वाचून म्हणाले, “म्हणजे चौकशी अजून चालू आहे का? निकाल कधी?”

चौकशी तर संपलेली असते. सामना झाला की एक अधिकारी चित्रफिती पाहून आरोप ठेवतो. खेळाडूला तो मान्य नसेल किंवा प्रकार गंभीर असेल तर खेळाचे न्यायाधिकरण बसते. दोन्ही बाजूंचे वकील बोलतात आणि मग शिक्षा ठरते. या शिक्षेला निलंबन म्हणावे का?

दुसरा शब्द ‘बंप’. चेंडू पाच मीटरच्या आत असेल तर प्रतिस्पर्ध्याला खांद्याने बाजूला सारायला या खेळात मुभा आहे. खांदा डोक्याला लागला की तोच गुन्हा होतो. बहुतेक खेळाडूंच्या डोक्यावर हेल्मेट नसते. मराठीत याला काय म्हणू? धक्का, धडक, टक्कर की ढुशी?

निवृत्त पेशकार, नाशिक
ताई, तुमच्या वडिलांचे बरोबर आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 काढून पाहा. निलंबन नियम 4 मध्ये आहे, शिक्षांची यादी नियम 5 मध्ये. निलंबन त्या यादीत नाहीच. आरोप आहे, चौकशी व्हायची आहे, तोवर माणसाला कामापासून दूर ठेवायचे आणि निर्वाह भत्ता द्यायचा, एवढाच त्याचा अर्थ. शब्दातच ‘लोंबकळत ठेवणे’ आहे. शिक्षा झाल्यावर माणूस लोंबकळत राहत नाही, त्याचा निकाल लागलेला असतो. ‘चार सामन्यांची बंदी’ लिहा. क्रिकेटच्या बातम्यांत हेच छापतात.

वाचक, पुणे
काका, पूर्ण पटले नाही. जुलै 2021 मध्ये विधानसभेने 12 आमदारांना एका वर्षासाठी निलंबित केले, ती शिक्षाच होती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये तो ठराव रद्द केला. त्या अधिवेशनापलीकडे अशी शिक्षा लांबवता येत नाही, असे सांगून. म्हणजे मराठीत निलंबन शिक्षेच्या अर्थानेही रुळलेले आहे.

निवृत्त पेशकार, नाशिक
मान्य. सभागृहापुरता तो अर्थ आहे. पण मुदतीच्या निलंबनाने त्या वेळीही घोळ झालाच होता. मैदानावर तो घोळ कशाला न्यायचा?

मेलबर्नवासी
दोघांचेही आभार. ‘बंदी’ घेते. इथली मराठी मुले ‘त्याला चार वीक्स मिळाले’ म्हणतात. त्याचे सरळ ‘चार आठवडे’ केले तर चुकते, कारण मोजायचे असतात सामने. संघाला मध्ये सुटीचा आठवडा आला तर तो धरत नाहीत.

आता धडक-टक्कर.

कबड्डीवाला, इस्लामपूर
ढुशी नको. ढुशी रेडा मारतो, बैल मारतो, आणि डोक्याने मारतो. ‘टॅकल’ला मात्र आपला ‘पकड’ घ्या, दुसरे काही शोधू नका. धक्का हलका वाटतो, गर्दीतही लागतो. माझे मत धडक.

मेलबर्नवासी
दादा, ‘पकड’ घेतलाच. पण धडक लिहिताना हात थांबतो. तो का थांबतो हे सांगायला एक प्रसंग सांगते. हा लेख त्याच्यासाठीच लिहिते आहे.

7 सप्टेंबर 2023, बाद फेरीचा सामना, कॉलिंगवूड विरुद्ध मेलबर्न. मेलबर्नचा अँगस ब्रेशॉ पळता पळता चेंडूला लाथ मारतो. ती अडवायला कॉलिंगवूडचा ब्रेडन मेनार्ड समोरून दोन्ही हात वर करून उंच उडी घेतो. चेंडू निघून जातो. मेनार्ड हवेतच वळतो आणि त्याचा खांदा ब्रेशॉच्या डोक्यावर आदळतो. ब्रेशॉ जागेवर बेशुद्ध. सामने तपासणाऱ्या अधिकाऱ्याला यात आरोप ठेवण्याजोगे काही दिसले नव्हते, पण लीगने, म्हणजे ही स्पर्धा चालवणाऱ्या संस्थेने, प्रकरण न्यायाधिकरणाकडे पाठवले. तिथे शरीराच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापकांची साक्ष झाली. एकदा हवेत गेल्यावर माणसाच्या हातात काय उरते, हा मुद्दा होता. मेनार्ड सुटला आणि त्याच महिन्याअखेर कॉलिंगवूडने विजेतेपद मिळवले. फेब्रुवारी 2024 मध्ये डॉक्टरांच्या सल्ल्याने ब्रेशॉने खेळ सोडला. तेव्हा तो 28 वर्षांचा होता.

मी ‘मेनार्डने धडक दिली’ लिहिले की तो दोषी. ‘दोघांची टक्कर झाली’ लिहिले की दोष कुणाचाच नाही. ‘मेनार्ड ब्रेशॉवर धडकला’ लिहिले की मधलेच काहीतरी. न्यायाधिकरणाने जे तासन्‌तास तपासले ते मी एका क्रियापदात ठरवून मोकळी होते. हे मला जड जाते.

वाचक, पुणे
फार नेमके बोललात. ‘देणे’ आले की देणारा आला. ‘होणे’ला कर्ता लागत नाही. ‘बसणे’ही पाहा. ‘ब्रेशॉच्या डोक्याला जबर मार बसला’ यात ज्याला लागले तो समोर येतो आणि दोषाचा प्रश्न खुला राहतो. अशा प्रसंगाला मी हेच वाक्य घेईन.

कबड्डीवाला, इस्लामपूर
आणि जिथे शंकाच नाही तिथे ‘मारले’ लिहायला घाबरू नये.

मेलबर्नवासी
अगदी. 2018 मध्ये अँड्र्यू गॅफने चेंडूपासून दूर असताना ठोसा मारून एका 18 वर्षांच्या मुलाचा जबडा मोडला. आठ सामन्यांची बंदी झाली. तो मुलगा अँड्र्यू ब्रेशॉ, अँगसचा धाकटा भाऊ. एकाच घरातल्या दोन मुलांना असा मार बसला. एकाला मारणाऱ्याला आठ सामने, दुसऱ्याच्या बाबतीत शून्य. तरी दोन्ही निकाल मला चुकीचे वाटत नाहीत. ठोसा मारायचाच म्हणून मारला होता.

पण सुटका बरोबर आणि नियम अपुरा, असेही असू शकते. पुढच्या हंगामापासून लीगने नियम बदलला. लाथ अडवायला पाय जमिनीवरून सोडलेत आणि समोरच्याच्या डोक्याला लागले, तर तुम्ही निदान ‘केअरलेस’ धरले जाल. रास्त काळजी घेतल्याचे दाखवू शकलात तरच त्यातून सुटाल. या ‘केअरलेस’ला निष्काळजी म्हणू का? आरोपाच्या पत्रात कृतीचे दोनच प्रकार असतात, ‘केअरलेस’ आणि ‘इंटेन्शनल’.

निवृत्त पेशकार, नाशिक
दुसऱ्याला ‘हेतुपुरस्सर’ किंवा साधे ‘जाणूनबुजून’. पहिल्याला ‘हयगय’. अपघाताच्या फिर्यादीत ‘हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने’ असे आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो. निष्काळजी हा माणसाचा स्वभाव वाटतो, हयगय त्या एका वेळची चूक. चांगल्या माणसाकडूनही हयगय होते. मेनार्डसारख्याला तो शब्द जास्त न्याय देईल.

मेलबर्नवासी
काका, हा फरक मला सुचलाच नसता. आता ‘इम्पॅक्ट’. त्याच्या चार पायऱ्या आहेत, कमी, मध्यम, जास्त आणि तीव्र. हयगय आणि डोक्याला मार या दोन गोष्टी तशाच धरल्या तर मध्यमला एक सामना, जास्तला दोन, तीव्रला थेट न्यायाधिकरण आणि तीन किंवा अधिक. म्हणजे तोच खांदा, तीच चूक, पण समोरचा उठून पळाला तर एक आणि नाही उठला तर तीन. ‘आघात’ लिहू की ‘परिणाम’?

निवृत्त पेशकार, नाशिक
आघात म्हणजे किती जोरात लागले. परिणाम म्हणजे त्याचे पुढे काय झाले. तुमच्या वर्णनावरून दोन्ही एकात मिसळलेत. कायद्यातही हे आहे. गाडी तीच, वेग तोच. कुणाला काही झाले नाही तर जुने कलम 279, कुणी दगावला तर 304-अ. नव्या संहितेत 281 आणि 106. लोक विचारतात, चूक एकच तर शिक्षा वेगळी का? उत्तर असे की गेलेला जीवही मोजावा लागतो.

मेलबर्नवासी
इथेही दुखापत होण्याची शक्यता विचारात घेतात, फक्त झालेली दुखापत नाही. तरी मैदानावरचे लोक परिणामच पाहतात. ‘आघात’ लिहून पहिल्यांदा येईल तिथे हे समजावते.

माझे मत लपवत नाही. डोक्याचा मार हलक्यात घेऊ नये. पॉली फार्मर हा या खेळातला फार मोठा खेळाडू 2019 मध्ये गेला आणि 2020 मध्ये त्याच्या मेंदूत वारंवारच्या माराने होणारा विकार सापडला. माझा मुलगा इथल्या कनिष्ठ गटात खेळतो. बंदी कडक हवी, असे मला आई म्हणून वाटते. पण ती नेमक्या शब्दांत सांगितलेली हवी, म्हणजे मुलाला कळेल की काय करायचे नाही.

वाचक, पुणे
मग ‘फेअर’चे काय? बंदी न्याय्य की रास्त?

मेलबर्नवासी
तिथेही अडले होते. या खेळातले सर्वांत मोठे वैयक्तिक पदक ब्राउनलो. ते ‘फेअरेस्ट अँड बेस्ट’ खेळाडूला देतात, म्हणून त्या हंगामात बंदी झालेला खेळाडू बाद ठरतो. 1997 मध्ये ख्रिस ग्रँटला सगळ्यांत जास्त मते होती, पण एका सामन्याच्या बंदीने पदक गेले. 2022 मध्ये पॅट्रिक क्रिप्सवरची दोन सामन्यांची बंदी अपिलात कायद्याच्या मुद्द्यावर रद्द झाली आणि पुढे त्यानेच पदक जिंकले.

वाचक, पुणे
मग दोन्ही शब्द लागतील. ‘रास्त’ मापाचा शब्द आहे, रास्त भाव म्हणतो तसा. एक सामना की तीन, हा रास्तपणाचा प्रश्न. ‘न्याय्य’ रीतीचा. ऐकून घेतले का, सगळ्यांना एकच नियम लावला का. तुमच्या सांगण्यावरून क्रिप्सची बंदी रीतीच्या मुद्द्यावर गेली, ग्रँटची हळहळ मापाची आहे. पदकासाठी मात्र दोन्ही नकोत. माणूस न्याय्य नसतो. ‘सर्वांत निर्मळ आणि सर्वोत्तम’ कसे वाटते?

कबड्डीवाला, इस्लामपूर
निर्मळ छान. आमच्याकडे ‘साफ खेळतो’ म्हणतात.

मेलबर्नवासी
‘साफ खेळणारा’ घेते, दादा. मुलालाही लगेच कळेल. सुधारलेले वाक्य असे : ‘ब्रेशॉच्या डोक्याला जबर मार बसला. मेनार्डवर हयगयीचा आरोप ठेवला गेला. न्यायाधिकरणाने तो मान्य केला नाही आणि त्याच्यावर बंदी आली नाही.’ बाबांना वाचून दाखवले. आता त्यांनी विचारले, “मग त्या ब्रेशॉचे पुढे काय झाले?”